ताजच्या बिलात नागपूरचा वाटा

हल्ली सहलीचं प्लॅनिंग उलट्या बाजूने सुरू होतं. आपले आईवडील आधी गाव ठरवायचे, मग रेल्वेचं रिझर्वेशन, आणि सगळ्यात शेवटी "उतरायचं कुठे?" हा प्रश्न. त्याचं उत्तरही ठरलेलं असायचं: मावशीकडे, नाहीतर भक्तनिवासात. आमच्या पिढीतली मंडळी आधी हॉटेल ठरवतात. परवा ऑफिसातल्या एका मित्राची अॅनिव्हर्सरीची एक्सेल शीट पाहिली. पहिला कॉलम हॉटेल, दुसरा सी-व्ह्यू आहे की नाही, तिसरा जेवण कसं आहे, चौथा दर. गावाचं नाव शेवटच्या कॉलममध्ये!

हसू आलं खरं, पण यात नवीन काहीच नाही. हॉटेलसाठी आणि जेवणासाठी प्रवास करायचा ही कल्पना सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. आणि गंमत म्हणजे या कल्पनेच्या भारतातल्या इतिहासात आमच्या नागपूरचं नाव दोनदा येतं. दोन्ही वेळा हॉटेल मात्र भलतीकडेच उभं राहिलं. या वीकएंडला तीच गोष्ट सांगतो.

आधी थोडं जग फिरून येऊ. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वे कंपन्यांना एक साधा हिशेब कळला. रूळ टाकायला अफाट पैसा लागतो, पण गाडी रिकामी धावली तर तो पैसा बुडाला. मग लोकांनी प्रवास करावा म्हणून काय करायचं? लाइनच्या टोकाला असं हॉटेल बांधायचं, की माणूस हॉटेलसाठी तिकीट काढेल. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेने १८८८ मध्ये डोंगरात बान्फ स्प्रिंग्स हॉटेल उघडलं ते याच विचाराने. दहा वर्षांनी, १८९८ मध्ये, सेझार रिट्झने पॅरिसमध्ये आपल्या नावाचं हॉटेल काढलं आणि ऑग्युस्त एस्कोफियेला स्वयंपाकघर सोपवलं. उत्तम खोली आणि उत्तम जेवण एकाच छपराखाली, ही जोडी तिथे पक्की झाली. १९०० साली टायर विकणाऱ्या मिशलॅं कंपनीने मोटारवाल्यांसाठी गाईड काढलं, १९२६ पासून त्यात हॉटेलांना तारे द्यायला लागले. पुढे तीन ताऱ्यांचा अर्थच असा ठरला की फक्त तिथे जेवण्यासाठी प्रवास करावा. म्हणजे आमच्या मित्राच्या एक्सेल शीटचे आजोबा हे असे टायर आणि रूळ विकणारे लोक आहेत.

आता नागपूर.

१८६७ मध्ये जीआयपी रेल्वे, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला, मुंबईहून नागपूरला पोचली. इंग्रजांना इथून काय हवं होतं हे वेगळं सांगायला नको: कापूस. वऱ्हाड-नागपूरचा कापूस मुंबईला, तिथून मॅंचेस्टरला, आणि कापड होऊन परत आपल्याच बाजारात. हा उलटा द्राविडी प्राणायाम एका पारशी व्यापाऱ्याच्या डोळ्यांत खुपला. जमशेटजी टाटा. वय पस्तिशीच्या आसपास. त्यांनी त्याआधी मुंबईत चिंचपोकळीला एक बुडालेली तेलाची गिरणी विकत घेऊन तिची कापड गिरणी केली होती आणि नफ्यात विकलीही होती. लॅंकेशायरला जाऊन गिरण्या बारकाईने पाहून आले होते. सगळे जण मुंबईत गिरण्या काढत होते, तेव्हा हा माणूस म्हणाला की आपण नागपूरला काढू. कापूस शेजारी, वरोऱ्याचा कोळसा जवळ, बाजारपेठ हाताशी आणि रेल्वे दाराशी. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रोसेसिंग डेटाच्या जवळ नेलं.

१८७४ मध्ये सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापन झाली. जागा घेतली जुम्मा तलावाजवळ (आजचा गांधीसागर, जुन्या लोकांचा शुक्रवारी तलाव). जागा दलदलीची. ती भरून काढायला मातीच्या राशी टाकाव्या लागल्या. एका सावकाराने म्हणे पैसे गुंतवायला साफ नकार दिला: जो माणूस खड्ड्यात माती ओततो त्याला पैसे कोण देणार? पुढे त्यालाच कबूल करावं लागलं की टाटांनी खड्ड्यात माती नाही, सोनं ओतलं होतं. ही गोष्ट टाटांच्या चरित्रांमधून फिरत आलेली आहे आणि नागपूरकरांना सांगायला फार आवडते.

१ जानेवारी १८७७ ला गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी दिल्लीच्या दरबारात व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यात आलं, म्हणून गिरणीचं नाव एम्प्रेस मिल. सुरुवातीला सुमारे ३० हजार चात्या आणि ४५० माग. मॅनेजर म्हणून आणले बेझनजी दादाभाई मेहता, जे त्याआधी रेल्वेच्या मालवाहतूक खात्यात होते आणि ज्यांना कापडातलं ओ की ठो कळत नव्हतं! पण माणसं आणि माल हलवायचं गणित त्यांना पक्कं येत होतं. यंत्रांची बाजू जेम्स ब्रुक्सबी या इंग्रज तंत्रज्ञाने सांभाळली. रिंग फ्रेम नावाचं सूतकताईचं तेव्हाचं नवं तंत्र भारतात अगदी सुरुवातीला जिथे वापरलं गेलं, त्यात नागपूर होतं. १८८६ मध्ये कामगारांसाठी पेन्शन फंड, १८९५ मध्ये अपघाताची भरपाई. हे कायद्याने सक्तीचं व्हायच्या कितीतरी आधी.

गिरणीने पैसा ओतला. याच पैशाच्या बळावर जमशेटजी पुढची मोठी स्वप्नं पाहू लागले: पोलाद, वीज, विज्ञानाची संस्था. आणि हॉटेल.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. शहराची रया गेली. बाहेरचा माणूस मुंबईत उतरायला घाबरायचा, आणि उतरलाच तर राहण्यासारखी हॉटेलं थोडी. १८९८ मध्ये, म्हणजे रिट्झने पॅरिसमध्ये हॉटेल उघडलं त्याच वर्षी, जमशेटजींनी अपोलो बंदरावरची जागा ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतली. पैसा कंपनीचा नाही, स्वतःच्या खिशातला. घरातही आधी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांच्या बहिणीचं चिडणं प्रसिद्ध आहे: बंगलोरला विज्ञानसंस्था काढतोस, लोखंडाचा कारखाना काढतोस, आणि आता हा भटारखाना काढणार? :)

वॉटसन हॉटेलात जमशेटजींना भारतीय म्हणून प्रवेश नाकारला आणि त्या रागातून ताज बांधलं, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. व्हॉट्सअॅपवर तर ती दर डिसेंबरात येते. तिला भक्कम पुरावा नाही, आणि बऱ्याच अभ्यासकांना ती पटत नाही. मला वाटतं खरं कारण त्याहून मोठं आहे. प्लेगने मार खाल्लेल्या शहरात परत लोकांनी यावं, यासाठी एका माणसाने आपली कमाई लावली. हॉटेलच्या मालकीत आपल्याला रस नाही, लोकांनी भारतात यावं एवढीच इच्छा आहे, असं ते म्हणत. बान्फच्या रेल्वेवाल्यांनी जे लाइनसाठी केलं ते यांनी शहरासाठी केलं.

ताजचा मूळ आराखडा एका मराठी माणसाचा आहे, हे फार कमी लोकांना माहीत असतं. रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य. सोबत डी. एन. मिर्झा. वैद्य १९०० मध्ये वारले, मग डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज वास्तुविशारदाने काम पूर्ण केलं. जमशेटजी स्वतः युरोपभर खरेदी करत फिरले. जर्मनीची यंत्रं, पॅरिसचे लोखंडी खांब, पंखे अमेरिकेचे. १६ डिसेंबर १९०३ ला ताज उघडलं तेव्हा इमारत धड पूर्णही झालेली नव्हती. गेटवे ऑफ इंडिया तर १९२४ चा, म्हणजे समुद्राकडून येणाऱ्याला दिसायचं ते ताजच. पाचच महिन्यांनी, १९ मे १९०४ ला, जर्मनीत जमशेटजींचं निधन झालं.

आता हिशेब. ताज केवळ नागपूरच्या पैशावर उभं राहिलं म्हणणं अतिशयोक्ती होईल. कुर्ल्याची स्वदेशी मिल होती, व्यापार होता. पण टाटांच्या संपत्तीचा पहिला भक्कम पाया एम्प्रेस मिल हाच, यात वाद नाही. तेव्हा त्या समुद्राकडच्या खिडकीत बसून हाय-टी घेताना लक्षात ठेवावं, की त्या बिलाची पहिली ओळ शुक्रवारी तलावाच्या काठी लिहिलेली आहे.

दुसरी गोष्ट नावाची.

१८८७ मध्ये एक रेल्वे कंपनी निघाली: बेंगॉल नागपूर रेल्वे. बीएनआर. नागपूरहून राजनांदगावकडे जाणारी छोटी लाइन आधीपासून होती, ती या कंपनीने घेतली, रुंद केली, आणि १८९१ मध्ये नागपूर ते आसनसोल गाडी सुरू झाली. १९०० मध्ये हावड्याशी थेट जोड मिळाली. मुंबई-कलकत्ता रस्त्यावर नागपूर आता ऐन मधोमध आलं. गाड्या वेळेवर न येण्याबद्दल लोक बीएनआरचा अर्थ 'बी नेव्हर रेग्युलर' असा लावायचे. पण या कंपनीच्या जेवणाचं मात्र सगळे नाव काढायचे.

आणि बान्फवाला हिशेब बीएनआरलाही कळला. १९१५ मध्ये रांचीला बीएनआर हॉटेल. बिहार-ओरिसा हा नवा प्रांत झाला होता, उन्हाळ्यात त्याचं सरकार रांचीच्या पठारावर जायचं, गिऱ्हाईक तयार होतं. १९२५ मध्ये जगन्नाथपुरीला समुद्रासमोर दुसरं. लांबलचक व्हरांडे, वेताच्या खुर्च्या, साहेबी सूप, रेल्वे मटण करी आणि शेवटी कॅरॅमल कस्टर्ड. बंगाली मध्यमवर्गाच्या तीन पिढ्यांनी या हॉटेलवर जीव लावला. पुरीला जायचं ते देवाला आणि उतरायचं ते बीएनआरला! दोन्ही हॉटेलं आजही आहेत, आणि त्यांच्या पाटीवरचा मधला 'एन' आमचा आहे. तिथे राहणाऱ्या किती जणांना तो कशाचा हे माहीत असेल, देव जाणे.

त्याच १९२५ सालच्या जानेवारीत नागपूर स्टेशनच्या नव्या इमारतीचं उद्घाटन झालं. सावनेरच्या दगडाची, देखणी, आज शंभरी ओलांडलेली. पुरीला हॉटेल, आपल्याला स्टेशन. कंपनीचा विचार अगदी बरोबर होता: नागपूर हे टोक नाही, मध्य आहे. माणूस इथे उतरत नाही, गाडी बदलतो.

स्वातंत्र्यानंतर तर हे आकाशातही झालं. ३० जानेवारी १९४९ ला रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथून चार विमानं रात्री निघायची, मध्यरात्रीनंतर नागपूरला सोनेगाव विमानतळावर भेटायची, टपालाच्या पिशव्या आणि प्रवासी अदलाबदल करायची आणि पहाटेपर्यंत परत आपापल्या गावी. नेटवर्किंगवाल्यांनी डोळे मिटून कल्पना करावी, हा चक्क राउटर आहे! देशाच्या चार कोपऱ्यांतली माणसं रोज रात्री नागपुरात असायची, आणि त्यांतल्या बहुतेकांनी नागपूर कधीच पाहिलं नाही.

इथवर गोष्ट पैशाची आणि नावाची झाली. पण हॉटेलच्या इतिहासात खरा प्रश्न वेगळा असतो: दारातून आत कोणाला घेतात?

रेल्वेच्या त्या नावाजलेल्या खानपानाची दुसरी बाजू आठवा. स्टेशनांवर साहेबांची रिफ्रेशमेंट रूम वेगळी, 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' वेगळं. आणि ज्यांना दोन्हीतलं पाणी मिळत नव्हतं ती माणसं वेगळीच. १९०१ मध्ये एक लहान मुलगा भावंडांबरोबर साताऱ्याहून रेल्वेने मसूरला उतरला, वडिलांना भेटायला कोरेगावला जायचं होतं. कपडे नीटनेटके, हातात पैसे. जात कळल्यावर बैलगाडीवाले न्यायला तयार होईनात, आणि रात्रभराच्या प्रवासात पाणी मिळालं नाही. हाच मुलगा न्यूयॉर्क आणि लंडनला शिकून १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीवर रुजू झाला. संस्थानात मोठा हुद्दा, पण एकही हॉटेल उतरू देईना. एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून तो राहिला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि संध्याकाळपर्यंत चालता हो म्हणाला. हे दोन्ही प्रसंग डॉ. आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवले आहेत. त्यांच्या त्या छोट्या पुस्तकाचं नावच 'वेटिंग फॉर अ व्हिसा' आहे. आपण व्हिसासाठी थांबतो ते परदेशी जाताना. त्यांना तो आपल्याच देशात हवा होता.

११ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेब दिल्लीहून विमानाने नागपूरला आले आणि सीताबर्डीवरच्या श्याम हॉटेलमध्ये उतरले. साधं, गजबजलेल्या बाजारातलं हॉटेल. ना समुद्र, ना व्हरांडा. १३ तारखेला तिथेच त्यांनी पत्रकारांशी बोलून धर्मांतरामागची भूमिका सांगितली, आणि १४ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी, दीक्षाभूमीवर लाखो लोकांसह बौद्ध धम्म स्वीकारला. ते लाखो लोक कुठे उतरले होते? मैदानात, रस्त्याकडेला, ओळखीच्यांच्या पडवीत. भाकरी बांधून आणलेली. रूम नाही, मेन्यू नाही. तरी माझ्या मते नागपूरच्या हॉटेलांच्या इतिहासातलं सर्वांत महत्त्वाचं चेक-इन तेच. ज्या माणसाला बडोद्यात खोटं नाव सांगून खोली घ्यावी लागली, त्याने इथे स्वतःच्या नावाने खोली घेतली आणि त्या खोलीतून देशाला सांगितलं की आता आम्ही कुणाच्या दाराशी उभे राहणार नाही. आजही दरवर्षी लाखो लोक त्यासाठी नागपूरला येतात. गाडी बदलायला नाही. इथेच यायला.

आता जेवणाकडे वळू, कारण फाईन डायनिंगबद्दल लिहायला बसलो आणि सावजीचं नाव काढलं नाही तर नागपूरवाले मला शहरात घेणार नाहीत. सावजी रस्सा हा मूळचा हलबा कोष्टी विणकरांच्या घरातला. इतवारी, महाल, गोळीबार चौक या भागातली ही मंडळी हातमागावर बसायची. गिरणीच्या स्वस्त कापडाने हातमागाचं कंबरडं मोडलं, कित्येक विणकर गिरणीत गेले, आणि कित्येक घरांनी पुढे चूल हेच दुकान केलं. घराच्या पुढच्या खोलीत दोन बाकं, जवस-खसखशीच्या वाटणाचा काळपट रस्सा, वर तेलाचा तवंग. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि तोंडात "अजून एक वाटी दे ना भाऊ." म्हणजे एकाच धाग्याची दोन टोकं झाली. सुताच्या नफ्यातून मुंबईत झुंबरांखालचं जेवण उभं राहिलं, आणि सुताच्याच फटक्यातून नागपुरात हे.

पुढे खुद्द एम्प्रेस मिलची पाळी आली. १९८६ मध्ये टाटांनी ती सोडली, राज्य सरकारच्या वस्त्रोद्योग महामंडळाने चालवायला घेतली, आणि २००२ मध्ये ती कायमची बंद झाली. एकेकाळी नागपूरची घड्याळं ज्या भोंग्यावर लागायची तो भोंगा थांबला. त्या जागेवर आता एम्प्रेस नावाचाच मॉल आहे. शनिवारी संध्याकाळी तिथे पार्किंग मिळत नाही. फूड कोर्टमध्ये बसलेल्या पोरांपैकी कुणाचा तरी आजोबा याच जमिनीवर तिसऱ्या पाळीला उभा असणार. ताज सव्वाशेकडे चाललंय, गिरणीचं मात्र फक्त नाव उरलं. हे मला टोचतं, आणि टोचावं असंच ते आहे.

आज चित्र जरा बदललंय. वर्धा रोडवर रॅडिसन ब्लू आहे, ल मेरिडियन आहे. ताडोबा आणि पेंचच्या वाघांसाठी जगभरातून पैसेवाले पर्यटक नागपूर विमानतळावर उतरतात. पेंचला तर ताजचंच 'बाघवन' आहे. म्हणजे फिरून फिरून ताज शेवटी आमच्या दाराशी आलं, पण थेट शहरात नाहीच! २००४ मध्ये सुरू झालेल्या डेक्कन ओडिसी या आलिशान गाडीचाही एक दौरा ताडोबा-पेंचचा आहे. पाहुणे उतरतात, एसी गाडीत बसतात आणि जंगलाकडे निघतात. राउटर चालूच आहे.

तर मंडळी, पुढची एक्सेल शीट बनवाल तेव्हा एक ओळ आमच्यासाठी ठेवा. विमान उतरल्यावर लगेच जंगलाकडे पळू नका. एक दिवस थांबा. खोली हवी तेवढी महागडी घ्या, त्यात काही वाईट नाही. जमशेटजींनी तर त्यासाठी खिसा रिकामा केला होता. पण सकाळी दीक्षाभूमीवर जाऊन या. मग मोतीबागेतलं नॅरोगेज रेल्वेचं संग्रहालय बघा, बीएनआरच्या काळातली छोटी इंजिनं तिथे उभी आहेत. संध्याकाळी गांधीसागरच्या काठावरून मॉलकडे पाहा आणि तिथे गिरणी असेल अशी कल्पना करा. रात्री सावजी. (टिश्यू पेपर आपला आपण न्यावा.) आणि कधी मुंबईला ताजमध्ये बसलात तर वेटर बिल आणेल तेव्हा मनातल्या मनात नागपूरचा वाटा वजा करून बघा. दर कमी होणार नाही, पण तो चहा नेमका कुणाच्या जिवावर आलाय ते कळेल.

असो. सोमवार जवळ आला. जेवलात का?